हॉर्निमन सर्कल की ओव्हल? फोर्टात मोकळे दोन तास असतील तर

चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरलात, काम लवकर आटोपलं आणि दोन तास हाताशी आहेत. मॉलमध्ये शिरायचं नसेल तर बसायला जायचं कुठे?

बसायचंच असेल तर हॉर्निमन सर्कल. गोल बाग, जुनी डेरेदार झाडं, भर दुपारीही सावली. समोर १८३३ चा टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटी. बागेत बाक मिळाला नाही तर त्याच्या पायऱ्या आहेतच. १८५०च्या दशकात इथल्या वडाखाली शेअर दलाल जमायचे, शेअर बाजाराची सुरुवात ती. तेव्हा हे नुसतं ‘बॉम्बे ग्रीन’ होतं, मग एल्फिन्स्टन सर्कल झालं आणि १९४७ मध्ये बेंजामिन हॉर्निमनचं नाव लागलं. हा ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा इंग्रज संपादक, १९१९ मध्ये इंग्रज सरकारनेच त्याला देशाबाहेर काढलं होतं. इंग्रजाचं नाव काढून इंग्रजाचंच ठेवलं, पण माणूस आपला होता! खोट एकच: बाग लहान. दोन फेऱ्यांत संपते.

पाय मोकळे करायचे असतील तर ओव्हल. सुमारे २२ एकर, कडेने माडांची रांग, मध्ये एकाच वेळी चाललेले कितीतरी क्रिकेटचे डाव. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको या १९३०च्या आसपासच्या शैलीतल्या इमारती. दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारसा. टॉवरसाठी पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावाने. तेही शेअर दलालच.

मात्र ओव्हलला वेळ सांभाळा. मैदानाच्या मध्ये सावली नाही, बारा वाजता गेलात तर भाजून निघाल. साडेचारनंतर जा, कलतं ऊन तेव्हा थेट टॉवरच्या आणि कोर्टाच्या दगडावर पडतं. आर्ट डेकोचे फोटो हवे असतील तर सकाळी. त्या इमारतींची तोंडं पूर्वेला.

क्रॉस मैदान वाटेत लागलं तर ठीक, मुद्दाम जाऊ नका. आझाद मैदान फक्त क्रिकेटवेड्यांसाठी: १९८८ मध्ये सचिन-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी तिथलीच. मोर्चा असेल त्या दिवशी तर लांबूनच नमस्कार.

सोबत आई-बाबा असतील तर मी हॉर्निमनलाच नेईन. एकटा असलो तर ओव्हल, आणि कुणाचा तरी डाव संपेपर्यंत कडेला उभा.