लिएज की लोंबार्दिया? घाटात सायकल चालवणाऱ्याने आधी कोणती शर्यत पाहावी

समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे सायकल नेणाऱ्याला चढ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु व्यावसायिक शर्यत पहिल्यांदा पाहायला बसल्यावर तिच्यात नेमके काय पाहायचे, हा प्रश्न त्यालाही पडतो. एका दिवसात निकाल लागणाऱ्या डोंगराळ शर्यतींमध्ये बेल्जियमची लिएज-बास्तोन्य-लिएज आणि इटलीची इल लोंबार्दिया या दोन सर्वांत मानाच्या. दोन्हींचे अंतर २५० किलोमीटरच्या आसपास असते आणि एकूण चढाई ४,००० मीटरहून अधिक. फरक आहे तो चढांच्या ठेवणीत, आणि निवड त्यावरूनच करावी.

लोंबार्दियाचे चढ आपल्या ओळखीचे आहेत. कोमो सरोवराकडून वर जाणारा गिझालो साधारण ८.५ किलोमीटरचा आहे. शर्यत बेर्गामोत संपते त्या वर्षी अलीकडे निर्णायक ठरलेला पासो दि गांदा तर ९ किलोमीटरहून लांब असून त्याची सरासरी चढण ७ टक्क्यांच्या वर आहे. पसरणी घाटाने वाईहून पाचगणी गाठणाऱ्याच्या हे अंगवळणी पडलेले असते: एकदा लय सापडली की ती माथ्यापर्यंत टिकवायची. अशा लांब चढावर ज्याच्या पायांत बळ तो निघून जातो, मागच्याला डावपेचाने फारसे काही करता येत नाही. स्लोव्हेनियाच्या तादेइ पोगाचारने २०२१ ते २०२५ अशी सलग पाच वर्षे ही शर्यत जिंकून इटलीचा जुना दिग्गज फाउस्तो कोप्पीच्या पाच विजयांशी बरोबरी साधली, ती याच बळावर.

गिझालोच्या माथ्यावर सायकलस्वारांची रक्षणकर्ती मानलेल्या मातेचे छोटे प्रार्थनामंदिर आहे. आत कोप्पी, बार्ताली, मर्क्स या थोर सायकलपटूंच्या सायकली टांगलेल्या आहेत आणि त्यांच्यातच १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये उतारावर प्राण गमावलेल्या फाबिओ कासार्तेल्लीची मोडलेली सायकलही आहे. घाटाच्या तोंडाशी हात जोडून पुढे निघणाऱ्या आपल्या माणसाला ते परके वाटणार नाही.

लिएजचे चढ मात्र वेगळे आहेत. १८९२ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत बहुतेक चढ एक ते चार किलोमीटरचे, पण एकामागून एक येणारे आहेत, आणि लय सापडण्याआधीच चढ संपतो. ला रदूत जेमतेम १.६ किलोमीटरचा आहे, सरासरी ९ टक्क्यांहून तीव्र. रमूशां गावात महामार्गाच्या उंच पुलाखालून रस्ता त्या चढाकडे वळतो; चढाच्या डांबरावर इथेच वाढलेल्या सायकलपटू फिलिप झिल्बेरचे नाव पुन्हा पुन्हा रंगवलेले दिसते. खरी झुंज त्या वळणाआधी, जागेसाठी होते, कारण अरुंद रस्त्यावर चाळिसावा असलेल्याला ताकद असूनही पुढे सरकायला वाट मिळत नाही. एकट्याने घाट चढून हे शिकता येत नाही, म्हणून माझ्या मते सुरुवात लिएजपासून करावी. इथेही पोगाचारने २०२१, २०२४ आणि २०२५ मध्ये बाजी मारली हे खरे, पण २०२१ मध्ये त्याला पाच जणांच्या गटातून अखेरच्या काही मीटरांत विजय खेचून आणावा लागला होता. शिवाय २०१७ पासून महिलांचीही शर्यत त्याच दिवशी होते. घरात सायकल चालवणारी मुलगी असेल तर तिच्यासाठी ही बाजू महत्त्वाची आहे.

ज्याला आंबेनळीच्या वळणांवर उतरण्याची कला समजून घ्यायची आहे, त्याने मात्र लोंबार्दियाच निवडावी आणि ती गांभीर्याने पाहावी. २०२० मध्ये या शर्यतीतल्या सोरमानो चढाच्या उतारावर बेल्जियमचा रेम्को एव्हनपूल पुलाच्या कठड्यावरून खाली कोसळला आणि त्याचे कटिहाड मोडले.

हाताशी थोडाच वेळ असेल तर लिएजच्या आधीच्या बुधवारी होणाऱ्या फ्लेश वालोन या बेल्जियमच्याच शर्यतीचा अखेरचा १.३ किलोमीटरचा ह्यूईचा चढ पाहिला तरी चालेल.

लिएज एप्रिलअखेरच्या रविवारी होते आणि आपल्याकडे संध्याकाळ सरता सरता संपते. अलीकडच्या मार्गात ला रदूत शेवटून सुमारे ३४ किलोमीटरवर येतो, म्हणून त्याच्या अर्धा तास आधी बसावे आणि पुलाखालून गट वळताना पहिल्या दहांत कोण आहे, ते टिपून ठेवावे.