शिवनेरी, रायगड की राजगड? दोन दिवस हाताशी असतील तर

जोडून सुट्टी आली की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. मुलांना गड दाखवायचाय, आजी-आजोबाही यायचं म्हणताहेत, मग जायचं कुठे? सल्ले पुष्कळ मिळतात आणि ते सगळे गडाच्या नावावरून असतात. रायगड पाहिलाच पाहिजे, राजगडाला तोड नाही, शिवनेरी तर जन्मस्थान. तिन्ही म्हणणी खरी आहेत आणि २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत हे तिन्ही आहेत. पण एवढ्यावर सहल ठरत नाही.

गड कधीच एकटा नसतो. एखाद्या घाटावर, पेठेवर, खोऱ्यावर नजर ठेवायला तो तिथे असतो आणि खालचा मुलूख पाहिल्याशिवाय वरच्या तटबंदीचं कारण कळत नाही. त्यामुळे दोन दिवस असतील तर गड आणि मुलूख जोडीने पाहून ठरवा, असं माझं आग्रहाने सांगणं आहे. तसं पाहिलं की तिघांतला फरक चांगलाच ठळक होतो.

आधी पायांचा हिशेब

शिवनेरी तिघांत सोपा. जुन्नर गावातून गाडी थेट पायऱ्यांपाशी जाते. तिथून रुंद, बांधीव पायऱ्या आणि एकामागून एक सात दरवाजे. रमतगमत तासाभरात माथ्यावर पोचता येतं. दर दरवाजाशी टेकायला सावली मिळते, त्यामुळे साठीपुढची माणसंही न दमता चढतात. मागच्या बाजूने साखळीची वाट आहे, पण कड्यावर चढायची सवय नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

रायगडाला दीड हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. रोज चालणाऱ्याला दीड-दोन तास लागतात, इतरांना त्याहून जास्त. हिरकणीवाडीतून रोपवे आहे आणि तो काही मिनिटांत वर नेतो. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. पण वारा सुटला, पाऊस जोरात आला किंवा देखभालीचं काम निघालं की रोपवे बंद असतो. सुट्टीच्या दिवशी रांगही मोठी लागते. निघण्याआधी चौकशी आणि जमलं तर आरक्षण केलंच पाहिजे.

रोपवेची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो तुम्हाला मेणा दरवाजाजवळ उतरवतो, म्हणजे महादरवाजा चुकतो. दोन भक्कम बुरुजांच्या कवेत तो दरवाजा असा लपवलाय की चढणाऱ्याला अगदी समोर येईपर्यंत दिसतच नाही. वळण घेतल्यावर तो एकदम अंगावर येतो. तटावरून मारा करणाऱ्याला मात्र खालची सगळी वाट उघडी दिसत असणार. रायगड अवघड का होता, हे त्या एका वळणावर समजतं. म्हणून घरातल्या धडधाकट माणसांनी पायऱ्यांनी चढावं आणि उतरताना रोपवे घ्यावा. गुडघ्यांना खरा त्रास उतरतानाच होतो.

राजगड चालणाऱ्यांचा गड आहे. गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट जवळची, पण शेवटचा टप्पा खड्या कातळाचा आहे, रेलिंगला धरून चढायचा. पाली दरवाजाची वाट जुनी राजमार्गाची, पायऱ्यांची, लांब पण सुसह्य. दोन-अडीच तासांनी वर आलात की गड संपला असं समजू नका. बालेकिल्ल्याचा उभा चढ अजून बाकी असतो आणि तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंद सोंडा, तीन दिशांना पसरलेल्या असतात. रोपवे नाही. दहा वर्षांखालचं मूल चालणारं असेल तर पाली मार्गाने जरूर न्या. वयस्कर माणसांना मात्र इथे ओढून नेण्यात अर्थ नाही.

शिवनेरी आणि जुन्नर

शिवनेरीचा माथा दोन-अडीच तासांत पाहून होतो. शिवाई देवीचं देऊळ, अंबरखाना, गंगा-जमुना ही गार पाण्याची टाकी, कमानी मशीद, बदामी तलाव, कडेलोटाचं टोक आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला ती वास्तू. आपल्या जन्मगडावर महाराजांना स्वराज्याचा झेंडा लावता आला नाही, गड मराठ्यांकडे आला शाहू महाराजांच्या काळात. मुलांना हे वर गेल्यावर जरूर सांगा. पाठ्यपुस्तकातल्या पाळण्याच्या चित्रापलीकडे गडाला आयुष्य होतं, हे त्यांना उमगतं.

शिवनेरीचं पारडं जड होतं ते खाली उतरल्यावर. सतराव्या शतकाच्याही दीड हजार वर्षं आधीपासून हा मुलूख गजबजलेला होता. घाटावरचा माल कोकणातल्या बंदरांकडे जायचा तो नाणेघाटातून आणि त्या वाटेवरची पेठ जुन्नर. व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी दान दिलं आणि भोवतालच्या डोंगरांत लेणी उभी राहिली. शिवनेरीच्या कड्यातसुद्धा साठाच्या वर लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा हे गट वेगळेच. तुळजा लेण्यांतला गोल चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह), मधोमध स्तूप आणि भोवती १२ खांब, अशी रचना फार कमी ठिकाणी दिसते.

नाणेघाटासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी जवळजवळ तोंडापर्यंत जाते. वाटेत पूरला कुकडेश्वराचं जुनं, कोरीव देऊळ लागतं, तिथे दहा मिनिटं थांबाच. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जातो. थोडं खाली उतरलं की लेणं. त्याच्या भिंतींवर नागनिका या सातवाहन राणीचा ब्राह्मी लेख आहे. राजघराण्याने कोणते यज्ञ केले, किती गायी, किती हत्ती-घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दान दिले, याची मोठी यादीच त्यात आहे आणि त्यातले आकडे भारतातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनात मोडतात. मागच्या भिंतीवर कधीकाळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज उरलीत ती वर कोरलेली नावं आणि खाली काही पावलांचे अवशेष. सिमुक, सातकर्णी, नागनिका. लेख वाचता येत नसला तरी त्या नावांखाली उभं राहा. महाराष्ट्राच्या लिखित इतिहासाची सुरुवात इतक्या जवळून फार थोड्या ठिकाणी दिसते.

लेण्याद्री आणि ओझर हे अष्टविनायकांतले दोन गणपती याच टापूत आहेत, त्यामुळे देवदर्शन करू इच्छिणाऱ्या घरातल्या मंडळींचंही समाधान होतं. लेण्याद्रीला साधारण तीनशे पायऱ्या आहेत, डोली मिळते आणि चढण्याआधी पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं. गिरिजात्मज ज्या लेण्यात आहे तो मुळात बौद्ध विहार. एवढं मोठं दालन, पण मध्ये एकही खांब नाही. दर्शन झाल्यावर लगेच वळू नका, बाजूच्या खोल्या आणि शेजारचा चैत्यही पाहा. खाण्याच्या पिशव्या मात्र माकडांपासून सांभाळा.

जेवणात मासवडी मागा. या भागात ती जशी मिळते तशी शहरात मिळत नाही.

दोन गोष्टी जपायच्या. शिवनेरीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, तेव्हा धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा टाळायचा. आणि हा बिबट्यांचा तालुका आहे. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने चालत फिरू नका, मुलांना तर मुळीच पुढे सोडू नका.

रायगड आणि महाड

शिवनेरीत जन्म आहे, रायगडात राज्य. ६ जून १६७४ रोजी जिथे राज्याभिषेक झाला त्या सदरेवर उभं राहताना कुठल्याही मराठी माणसाच्या मनात जे होतं ते शब्दांत मांडायची गरज नाही. तिथे एक करून पाहा. एकाने नगारखान्यापाशी थांबायचं आणि दुसऱ्याने सिंहासनाच्या जागेजवळून हळू आवाजात बोलायचं. इतकं अंतर असून शब्द पोचतात. मुलांना कुठल्याही माहितीपेक्षा हे जास्त काळ लक्षात राहतं. पण गर्दी झाल्यावर हे जमत नाही, त्यामुळे सकाळी लवकर वर असायला हवं.

बाजारपेठेतून पुढे जगदीश्वराकडे गेलात की देवळाच्या एका पायरीकडे लक्ष द्या. ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ अशी अक्षरं तिच्यावर आहेत. गड बांधणाऱ्या माणसाने आपलं नाव भिंतीवर वर कुठे कोरलं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याची पावलं पडतील अशा पायरीवर कोरलं. समोरच महाराजांची समाधी. इथे घाई करू नका. टकमक टोक, हिरकणी बुरूज नंतर पाहिले तरी चालतात.

रायगडाला अख्खा एक दिवस द्यावा लागतो. दुसरा दिवस खालच्या मुलखासाठी. पाचाडला जिजाऊंची समाधी आणि वाड्याचे अवशेष आहेत. वरचा वारा त्यांना मानवेना म्हणून महाराजांनी खाली वाडा बांधला, असं सांगतात. राज्याभिषेकाला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, १७ जून १६७४ रोजी, त्या गेल्या. वरचा सोहळा आणि खालची समाधी एकाच सहलीत पाहिली म्हणजे त्या महिन्याचं वजन कळतं.

महाडात चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या पाण्याला हात लावला तो माणूस म्हणून जगण्याच्या हक्कासाठी. रायगड पाहून महाडातून तसंच पुढे निघून जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. गडापासून तासाभराच्या आत आहे, मुलांना घेऊन जा. गावाजवळच महामार्गालगत गांधारपाले लेणी आहेत आणि वेळ उरला तर समर्थ रामदासांची शिवथरघळ. पावसात घळीसमोरचा धबधबा बघण्यासारखा असतो.

राजगड आणि भोवताल

इथे मुलूख म्हणून खाली पाहायला फारसं नाही. नसरापूरजवळचं बनेश्वर, गुंजवणी धरणाचा काठ, बस. राजगडाचा मुलूख वरून पाहायचा. समोर तोरणा, दुसरीकडे सिंहगड, पुरंदर आणि हवा स्वच्छ असली की लिंगाणा-रायगडापर्यंत नजर जाते. पंचवीसएक वर्षं स्वराज्याचा कारभार इथून चालला तो का, याचं उत्तर बालेकिल्ल्यावरून एक गिरकी घेतली की मिळतं.

गडबांधणीत रस असेल तर मात्र तिघांत पहिला नंबर राजगडाचाच. संजीवनी माची पाहाच. तिथे एकाबाहेर एक अशा दोन भिंती आहेत, मधून अरुंद वाट. बुरुजालाही चिलखत, म्हणजे बुरुजाबाहेर दुसरा बुरूज. आतल्या भिंतीतल्या दिंडीतून, म्हणजे छोट्या दारातून, वाकून, पाय चाचपडत खाली उतरलं की आपण दोन तटांच्या मध्ये येतो आणि वर आकाशाची चिंधी तेवढी दिसते. बाहेरची भिंत पडली तरी आत शिरलेला शत्रू या चिमटीत सापडणार. सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, आणि पद्मावती माचीवरची सईबाईंची समाधी, दोन्ही बघण्यासारखी. पूर्वी पद्मावतीच्या देवळात सर्रास मुक्काम व्हायचा. आता गडांवरच्या मुक्कामाचे नियम कडक झालेत, म्हणून तेव्हाची परवानगी काय आहे ते विचारूनच बेत करा, नाहीतर पायथ्याच्या गावात घरगुती सोय पाहा.

वाट आणि वेळ

पुण्याहून राजगड सगळ्यात जवळ, नसरापूर फाट्यावरून आत वळायचं. शिवनेरीला नारायणगावमार्गे जाताना चाकणची कोंडी गृहीत धरून पहाटेच निघावं. मुंबईकरांना माळशेज घाटाची वाट सुंदर आहे, पण भर पावसात घाटाची स्थिती पाहून. रायगडाला पुण्याहून ताम्हिणी-निजामपूरमार्गे, मुंबईहून माणगावमार्गे. शिवनेरी आणि रायगड एसटीनेही नीट होतात, अनुक्रमे जुन्नर आणि महाड गाठून. राजगडासाठी स्वतःची गाडी बरी.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिन्हींना उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत रायगडाच्या पायऱ्या कोकणी उकाड्याने जीव नकोसा करतात. अतिवृष्टीत तिथला पायरीमार्ग दरडींमुळे बंदही ठेवतात. राजगड पावसाळा सरता सरता, सोनकी फुललेली असताना सर्वांत देखणा असतो, पण कातळ निसरडा झालेला असतो. गर्दी टाळायची असेल तर १९ फेब्रुवारीला शिवनेरी आणि ६ जूनला व तिथीच्या राज्याभिषेकाला रायगड टाळा. सोहळ्यासाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मग कोणता?

तीन पिढ्या एका गाडीत असतील तर शिवनेरी-जुन्नर. पहिल्या दिवशी सकाळी गड, दुपारनंतर लेण्याद्री आणि ओझर. दुसऱ्या दिवशी कुकडेश्वर करत नाणेघाट. कोणी दमत नाही, कोणाला कंटाळा येत नाही आणि दोन हजार वर्षांचा पट दोन दिवसांत पाहून होतो. पहिल्या गडसहलीसाठी मी दर वेळी हेच सुचवतो.

मुलं पाचवी-सहावीच्या पुढची असतील आणि इतिहास वाचून झाला असेल, तर रायगड. पण पाचाडला किंवा वर मुक्काम केलात तरच. सकाळी पुण्या-मुंबईहून निघून, रोपवेने वर जाऊन, संध्याकाळी परत, असा बेत असेल तर तो पुढच्या सुट्टीवर ढकला आणि यंदा जुन्नरला जा.

चार मित्र, चांगले बूट आणि प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी असेल तर राजगड, पालीने चढून गुंजवण्यात उतरायचं. त्यासाठी गाडी दुसऱ्या पायथ्याला आणून ठेवायची व्यवस्था गावात आधीच बोलून घ्या.