बबीचा विजेचा पॅड : दोन हिवाळे वापरून

पूर्वी आमच्या बबी मांजरीला थंडीचा प्रश्नच नव्हता. रात्री भाकऱ्या झाल्या, विस्तव ओढून घेतला की ती चुलीतल्या कोमट राखेत जाऊन बसायची आणि सकाळी राखाडी होऊन बाहेर यायची. मग मागच्या दारची चूल मोडून तिथे न्हाणीघर झालं. बबीही म्हातारी झाली. चौदावं चालू आहे. मागचे पाय आखडतात, ओट्यावर उडी मारणं तिने कधीच सोडलं.

आम्ही निफाडकडचे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात बातमी येते आणि आमच्याकडची माणसं पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला जातात. द्राक्षाच्या मण्याला तडा जाऊ नये म्हणून सगळं घर जागं. मांजराकडे बघणारी मी एकटी. म्हणून मागच्या वर्षी दिवाळीनंतर हा ऊब देणारा विजेचा पॅड ऑनलाइन मागवला. १,३५० रुपये. सासूबाई म्हणाल्या, "मांजराला शॉक देती का गं?"

पॅड साधारण पाटाएवढा. वर फरचं कव्हर, चेन उघडून धुता येतं. वायरीवर स्टीलची स्प्रिंग आहे, ही चांगली सोय. आमच्या टिल्या बोक्याने दात लावून पाहिले, काही झालं नाही. बटणाच्या तीन पायऱ्या आहेत. मी प्रत्येक पायरीवर खोलीतला थर्मामीटर कापडात गुंडाळून तासभर ठेवला. पहिलीवर ३४, दुसरीवर ४१, तिसरीवर थेट ४८. मांजराचं अंगच ३८-३९ अंशांचं, मग ४८ कशाला हवेत? त्यांना चटका आपल्याइतका लवकर कळत नाही. म्हातारं मांजर ऊब लागली की हलत नाही, आणि तासन्‌तास तसंच पडून राहिलं तर केसांखाली कातडी भाजते. मी पहिल्या पायरीच्या वर कधी गेले नाही. वरून गोधडीची एक घडी घालतेच.

आठवडाभर बबी त्याच्याकडे फिरकली नाही. खोक्यात बसली, पॅडवर नाही. शेवटी कव्हरवर माझ्या जुन्या लुगड्याची चौघडी टाकली, तेव्हा तिने वास घेतला, दोन फेऱ्या मारल्या आणि अंगाचं मुटकुळं करून बसली. फरला केस इतके चिकटतात की झटकून निघत नाहीत, त्यामुळे लुगडं कायमचंच झालं.

फरक मात्र दिसला. पूर्वी सकाळी उठल्यावर ती चार पावलं लंगडायची, तेवढं कमी झालं. (शेजारच्या वहिनींनी पायदुखीवर पॅरासिटामॉलची अर्धी गोळी सुचवली होती. मांजराला ते विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जातो. डॉक्टरांनी ऊबच द्या म्हटलं.)

आता तक्रार. आमच्याकडे रात्रीची लाईट जाते-येते. लाईट परत आली की हा पॅड आपोआप दुसऱ्या पायरीवर सुरू होतो! पहिलीवर ठेवून झोपावं आणि पहाटे ४१ वर सापडावा. कंपनीला दोनदा लिहिलं. उत्तर आलं, "माहितीपत्रक वाचा." माहितीपत्रकात यातलं काही नाही. टायमरही नाही. मग वायरमनकडून साधा टायमर बसवून घेतला, २८० रुपये वेगळे. तीन तासांनी बंद होतो, तोवर गोधडी गरम झालेली असते. पॅड बबीच्या झोपायच्या खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवते, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकायला जागा राहते. हे कंपनीने पॅकिंगवर मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं.

तरण्या मांजरासाठी घेऊ नका, पैसे वाया. टिल्या दोन वर्षांचा आहे, एकदाही त्यावर बसला नाही. त्याला खोक्यात घातलेली गोधडी पुरते, तीही जमिनीपासून वीतभर उंच ठेवली तर. नाहीतर तो बागेतून आलेल्या पिकअपच्या गरम इंजिनावर चढून झोपतो. त्यामुळे बोनेटवर दोन थापा मारल्याशिवाय चावी फिरवायची नाही, असं ड्रायव्हरला बजावलंय.

पाचपैकी तीन तारे. टायमर आतच दिला असता तर चार दिले असते. सासूबाईंचं म्हणाल तर गेल्या जानेवारीत दुपारी त्यांचे पाय त्याच पॅडवर होते, आणि बबी मांडीवर.