फॉरेन्सिक सायकियाट्रीचा वीकेंड कोर्स: शनिवार भारी, रविवार बोगस (साडेतीन स्टार)

पुण्यात शिवाजीनगर कोर्टात क्रिमिनल केसेस चालवणाऱ्या वकिलांसाठी लिहितोय. डेक्कनला फॉरेन्सिक सायकियाट्रीचा, म्हणजे कोर्टाच्या कामात लागणाऱ्या मानसोपचारशास्त्राचा, हा शनिवार-रविवारचा कोर्स असतो, संस्थेचं नाव टाकत नाही कारण पुढे थोडं वाईटही लिहिणारे.

शनिवारचे डॉक्टर म्हणजे पैसा वसूल. आपल्याकडे समज काय, तर आरोपीची मानसोपचाराची फाइल जोडली की आयपीसीचं कलम 84, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) 22, याखाली मानसिक आजारामुळे सुटका मिळालीच. त्यांनी ते डॉक्टरच्या खुर्चीतून उलगडून सांगितलं, की स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार असणं वेगळं आणि गुन्ह्याच्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच न कळणं वेगळं, आणि डॉक्टरकडे माणूस येतो कित्येक महिन्यांनी, तोवर गोळ्या सुरू झालेल्या असतात मग त्या दिवशीचं डोकं तो कशावरून सांगणार? म्हणून घटनेआधीचे केसपेपर शोधा, घरच्यांना-शेजाऱ्यांना विचारा, नंतर तो पळाला का, हत्यार लपवलं का ते बघा. आरोपी आत्ता खटल्याला उभा राहण्याइतपत ठीक आहे का हा प्रश्न अजून वेगळा, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 367-368 चा, निम्मे वकील दोन्हीची खिचडी करतात.

आकडेही दिले. लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये 2002 साली फाझेल आणि दानेश या संशोधकांनी 12 देशांतले 62 सर्व्हे एकत्र केले होते, त्यात पुरुष कैद्यांमध्ये सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) 4 टक्क्यांच्या आसपास आणि मेजर डिप्रेशन 10 टक्के. म्हणजे जेलमध्ये सगळे वेडेच भरलेत असं अजिबात नाही, पण येरवड्यासारख्या जेलला हे प्रमाण लावलं तर डॉक्टर किती लागतील हिशोब करा.

रविवारचे ट्रेनर मात्र... वेबसिरीज बघून स्लाइड केल्यासारखं वाटलं. ब्रेन मॅपिंगने, म्हणजे डोक्याला सेन्सर लावून मेंदूच्या लहरी मोजून, खोटं पकडता येतं म्हणे! अहो पुण्यात बसून हे सांगताय? इथल्याच सेशन्स कोर्टाने 2008 साली एका खुनाच्या केसमध्ये ब्रेन टेस्टचा आधार घेतला होता, त्यावर जगभर टीका झाली, आणि 2010 ला सुप्रीम कोर्टाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात संमतीशिवाय असल्या टेस्ट करायच्या नाहीत असं बजावलं. मी हे काढलं तर 'प्रश्न शेवटी घेऊ', आणि शेवटी डायरेक्ट सर्टिफिकेट वाटप.

नोट्स सगळ्या इंग्रजीत, पार्किंग विसरा. नुसत्या शनिवारची फी घेता का विचारलं तर नाही म्हणाले. चार-पाच जणांनी मिळून विचारलंत तर घेतीलही.