गांजाच्या खटल्यात कबुली दिली, आता अपील शिक्षेपुरते करावे की कबुलीवरच?

पराटीच्या (कपाशीच्या) ओळीत गांजाची झाडे सापडली आणि "कबूल करून टाक, लवकर सुटशीन" या सल्ल्यावर माणसाने विशेष न्यायालयात गुन्हा कबूल केला, तर शिक्षा ऐकल्यावर घरच्यांसमोर नागपूर खंडपीठाच्या दोन वाटा उरतात: केवळ शिक्षा कमी करून मागायची, किंवा कबुलीच रद्द करून मागायची.

त्याआधी एक खुलासा. अशी कबुली म्हणजे प्ली बार्गेनिंग, म्हणजे शिक्षेबाबत सरकार पक्षाशी रीतसर केलेली तडजोड, नव्हे. ती तडजोड सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतच चालते, म्हणजे गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतच्या अल्प मात्रेत. आणि तशा निकालावर नेहमीचे अपील नसते, रिट अर्ज किंवा सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी एवढेच असते.

साध्या कबुलीनंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 416 शिक्षेचे प्रमाण आणि वैधता यांवरच अपील करू देते. ही वाट तुलनेने लवकर संपते, आणि शासनाने स्वतंत्र अपील केले नसेल तर आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढत नाही. दंड न भरल्यास होणारी जादा कैद शेतमजुराच्या बाबतीत निश्चित भोगावी लागणारी कैदच ठरते. शहेजादखान पठाण प्रकरणात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवरून सहा महिन्यांवर आणली. तक्रार एवढीच असेल तर मी हीच वाट सुचवेन.

पण दोषारोप कोणत्या कलमाखाली आहे, यावर सारे फिरते. मी वाचलेल्या एका पंचनाम्यात झाडे मुळांसकट, माती न झाडता, ओली असतानाच काट्यावर चढवली होती. अमली पदार्थ (एनडीपीएस) कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. त्यांच्याशिवायची सुटी पाने आणि बिया त्यात येत नाहीत, मग मुळांची गोष्टच नको. शिवाय याच कायद्याच्या कलम 20 मध्ये लागवडीसाठी दहा वर्षे ही कमाल शिक्षा आहे, तर वीस किलोंवरील व्यापारी मात्रा बाळगण्यासाठी तीच दहा वर्षे किमान आहे. लागवड कबूल केलेल्या माणसाला व्यापारी मात्रेची शिक्षा झाली असेल, तर ती चूक शिक्षेच्या अपिलातच दुरुस्त होऊ शकते. परंतु दोषारोपच व्यापारी मात्रेचा होता आणि त्याने तोच कबूल केला असेल, तर उच्च न्यायालयालाही दहा वर्षांखाली उतरता येत नाही, आणि शिक्षेपुरत्या अपिलात हाती फारसे काही लागत नाही.

तेव्हा कबुलीवरच बोट ठेवावे लागते. दोषारोप मराठीत समजावला का, परिणाम सांगितले का, सौम्य शिक्षेचे आमिष होते का, हे रोजनामा (न्यायालयाच्या रोजच्या कामाची नोंद) आणि नोंदवलेल्या जबाबावरून दाखवावे लागते. थिप्पेस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य शिक्षेच्या आमिषावर कबुली घेऊन मग अपिलात शिक्षा वाढवणे संविधानाच्या कलम 21 च्या विरुद्ध मानले; अशी कबुली बाजूला सारून खटला पुन्हा चालवावा लागतो. वजन, नमुने, झडती हे सगळे मग तपासता येते. किंमतही मोठी आहे: खटला पहिल्यापासून चालतो, व्यापारी मात्रेत अमली पदार्थ कायद्याच्या कलम 37 मुळे जामीन कठीण असतो, आणि पुन्हा दोषी ठरल्यास मागची सौम्य शिक्षा हाती राहीलच असे नाही. म्हणून निम्म्याहून अधिक शिक्षा भोगून झालेल्याला मी ही वाट सहसा सांगत नाही.

उच्च न्यायालयात अपिलाची मुदत 60 दिवसांची असून नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. कैद्याला तुरुंगातूनच अपील पाठवता येते आणि विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकीलही मिळतो.