ऑक्सिमीटर घ्यावा का? पाच वर्षं वापरलेल्या आशाताईचा अभिप्राय

बहिणीच्या सुनेचा परवा फोन आला. "मावशी, बाबांचा दमा परत वाढलाय. घरात ऑक्सिमीटर घेऊन ठेवू का? आणि कुठला घेऊ?" फोनवर अर्धा तास बोलले तरी सांगून संपेना, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे. बाकी कोणाला घ्यायचा असेल तर त्यांनाही उपयोग होईल. ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावायचा चिमटा, रक्तात ऑक्सिजन किती टक्के आहे ते तो दाखवतो.

मी दापोली तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात आशा, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य कार्यकर्ती आहे. चार वाड्या, एक मोहल्ला, मिळून हजारभर माणसं. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडसाठी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आरोग्य केंद्रातून ताप मोजायची बंदूक आणि एक ऑक्सिमीटर हातात मिळाला. तेव्हापासून तीन ऑक्सिमीटर वापरले. एक सरकारी, दोन पदरच्या पैशांचे. त्यातला मधला इतका वाईट निघाला की त्याची आठवण अजून जात नाही. ते पुढे सांगते.

आधी हे सांगायला हवं की यंत्र येण्यापूर्वी आम्ही काय करत होतो. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबईहून चाकरमानी यायला लागले. शाळेत त्यांची सोय, ग्राम कृती दलाचा पहारा. मी रोज दारोदार जाऊन विचारायची, ताप आहे का, खोकला आहे का, मुंबईहून कोण आलंय का. लोक दाराआडून 'नाही' म्हणायचे. 'हो' म्हटलं तर गाडी येणार आणि उचलून नेणार, ही भीती होती. मला कळायचं की आत कोणीतरी खोकतंय, पण रजिस्टरमध्ये 'नाही'च लिहावं लागायचं. त्यात ३ जूनला निसर्ग वादळ झालं. छपरं उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस लाईट नाही की फोनला रेंज नाही. एकेका घरात तीन-तीन कुटुंबं राहायला आली. अशात अंतर ठेवा म्हणून कोणाला सांगायचं?

ऑक्सिमीटर आला आणि दारातलं बोलणंच बदललं. तोवर मी फक्त विचारत होते. आता दारात उभी राहून मीच त्यांना काहीतरी सांगत होते. बोट दुखत नाही, सुई नाही, नाकात काडी नाही, आणि आकडा लगेच. ज्या घरांनी सहा महिने दार उघडलं नव्हतं त्या घरातली म्हातारी माणसं अंगणात येऊन हात पुढे करायला लागली. "बाय, माझा बग किती हाय." या यंत्राचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग हाच.

आता ते चालतं कसं. चिमट्यात बोट घातलं की वरून दोन उजेड बोटातून आरपार जातात. एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० चा. ऑक्सिजन असलेलं रक्त इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन नसलेलं लाल जास्त शोषतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात जे नवं रक्त येतं त्यावरून यंत्र हिशेब करतं. ही युक्ती १९७४ मध्ये ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने मांडली. ते १८ एप्रिल २०२० ला वारले. जगभरातली माणसं ऑक्सिमीटरसाठी दुकानं पालथी घालत होती, तेच दिवस. हे मला कळलं त्या संध्याकाळी मी यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसलं.

नाडीच्या ठोक्यावर सगळं अवलंबून असल्यामुळे बोटात रक्त नीट खेळत नसेल तर यंत्र चुकतं. हर्णैला लिलावातून मासळी घेऊन गावोगाव विकणारी एक बाई आमच्याकडे येते. एकदा तिने टोपली उतरवली आणि बोट पुढे केलं. ८४! माझ्या पोटात गोळा आला. पण ती तर एका दमात बांगड्याचा भाव सांगत होती, श्वास अजिबात लागत नव्हता. हात धरून बघितला तर बर्फासारखा गार, सकाळपासून बर्फातली मासळी चाळत होती. तिला गरम चहाचा कप दोन्ही हातांत धरायला लावला, पाच मिनिटं बसवलं आणि परत लावलं. ९७. तेव्हापासून आधी हात हातात घेते, मगच यंत्र लावते. मोहल्ल्यात लग्नसराईत बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असते, तिथेही आकडा नीट येत नाही किंवा उशिरा येतो. नखाला रंग असेल तरी तसंच. अशा वेळी कोरं बोट शोधायचं. उन्हात उभं राहून लावू नका, पडवीत सावलीला बसवा. हात छातीच्या उंचीला, बोट स्थिर, बोलायचं नाही. पहिला आकडा धरायचा नाही. अर्धा मिनिट जाऊ द्यायचा, आकडा थांबला की लिहायचा. घाईत असलेल्या माणसाच्या हातात हे यंत्र देऊ नये.

लहान मुलांसाठी हा चिमटा नाही. तान्ह्याचं बोट आत हलत राहतं आणि आकडा नाचतो. बाळाला धाप लागली असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील तर यंत्र शोधत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.

आणखी एक दोष आहे, तो दुकानदार सांगत नाही. कातडीचा रंग गडद असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केलं. ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्राने ठीक दाखवण्याचं प्रमाण तिथल्या काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. म्हणून माणूस वाक्य पुरं न करता थांबत असेल तर यंत्रावर ९५ दिसले तरी मी ते ९५ मानत नाही.

उलटही होतं. एप्रिल २०२१ मध्ये खालच्या वाडीत एक गडी अंगणात बसला होता, मुंबईला टॅक्सी चालवायचा. ताप उतरून दोन दिवस झाले होते. बोटाला लावलं, ८६. हात गरम होता. दुसरं बोट, ८६. दुसरा हात, ८५. "मना काय झालाय गो बाय? आताच लाकडा फोडलीत मी." खरंच फोडली होती, बाजूला ढीग पडला होता. कोविडमध्ये हे होत होतं, ऑक्सिजन खाली गेला तरी माणसाला दम लागल्यासारखं वाटतच नव्हतं. नुसत्या विचारण्यावर राहिले असते तर त्याच्यापुढे 'ठीक' लिहून पुढच्या घरी गेले असते. १०८ ला फोन केला, गाडीला दोन तास लागले. पहिल्या ठिकाणी खाट नव्हती, दुसऱ्या ठिकाणी मध्यरात्री मिळाली. सतरा दिवसांनी तो घरी आला.

आता तो मधला ऑक्सिमीटर. याच दिवसांत सरकारी यंत्राची स्प्रिंग तुटली. बदली यंत्र लगेच मिळेना. उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, थोडं थांबा. पण त्या आठवड्यात रोज नवे ताप निघत होते, थांबणार कसं? एका दुकानात एकच शिल्लक होता, २,४०० रुपये. मला महिन्याला मिळणाऱ्या मोबदल्याचा तो मोठा हिस्सा होता. घेतला. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. आठवडाभर साठ घरं फिरले. सगळे ९७, ९८. मला बरं वाटत होतं, आपल्या वाड्या वाचल्या असं वाटत होतं. रविवारी रात्री मुलाने सहज त्यात पेन्सिल घातली. यंत्राने दाखवलं, ऑक्सिजन ९६, नाडी ७८.

त्या रात्री झोपले नाही. सकाळी सिस्टरांकडून त्यांचं यंत्र मागून आणलं आणि तीन दिवसांत साठही घरं परत तपासली. दोन माणसं खाली निघाली, एक ९२, एक ९१. ९१ वाली आजी होती, मला हाक मारून ताक द्यायची. तिला लगेच नेलं. आठव्या दिवशी ती गेली. आधीच्या आठवड्यात मी तिच्या बोटाला लावून "आजी, ९८, काही काळजी नाही" असं सांगितलं होतं. तिच्या मुलाने मला कधी काही म्हटलं नाही. पण चार दिवस आधी नेलं असतं तर, हा हिशेब मी अजूनही करते. पैसे परत मिळाले नाहीत. पैशांचं मला काही नाही.

पुढे २० जुलै २०२१ पासून सरकारने ऑक्सिमीटरवरच्या विक्री-नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, किमती उतरल्या. ऑगस्टमध्ये मी तिसरा घेतला, ९५० रुपयांना, पक्कं बिल घेऊन. तो आजही माझ्या पिशवीत आहे.

सेलबद्दल मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. १६ मे २०२१, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. शेजारचे गुरुजी घरातच होते, खाट मिळाली नव्हती, भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं यंत्र लावलं होतं. संध्याकाळी लाईट गेली आणि ते बंद पडलं. रस्त्यावर झाडं. त्यांना पालथं झोपवलं, छातीखाली आणि पोटाखाली उशा दिल्या. दर अर्ध्या तासाने टॉर्चच्या उजेडात मी आकडा बघत होते आणि त्यांची सून वहीत लिहीत होती. ९०. ८९. ९१. पहाटे तीनला ऑक्सिमीटरचे सेल संपले. सुनेने टीव्हीच्या रिमोटचे काढून दिले, तेच लागतात. सकाळी गावच्या पोरांनी झाडं तोडून वाट केली तेव्हा आकडा ९२ होता. ती वही गुरुजींनी जपून ठेवली आहे. म्हणून सांगते, नवे सेल जोडीने घरात ठेवा आणि महिनाभर वापर नसेल तर यंत्रातले काढून ठेवा. खारी हवा आहे, आत हिरवं चढतं.

कोविड ओसरल्यावरही यंत्राचं काम संपलं नाही. त्या वर्षात बाकीचे आजार मागे पडले होते. लसीकरणाची सत्रं पुढे ढकलली गेली, बीपीच्या गोळ्या आणायला लोक जाईनात, थुंकीची तपासणी थांबली. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. आजार कमी झाला नव्हता, शोधणारे हात दुसरीकडे गुंतले होते. मधल्या वाडीतल्या एकाचा कोविड रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून घरचे निश्चिंत होते. दोन महिने खोकत होता आणि आकडा ९१-९२ च्या वर जात नव्हता. थुंकी तपासली, टीबी निघाला. खोकला दिसला की तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच रोग यायचा, माझ्याही.

आणि आशा आजारी पडली तर? ऑक्टोबर २०२० मध्ये मला कोविड झाला. पडवीत चौदा दिवस एकटी होते. मुलगा खिडकीबाहेर वही धरून बसायचा आणि मी माझ्याच बोटाचा आकडा आतून ओरडून सांगायची. ९५ च्या खाली गेला नाही. मोहल्ल्यातल्या बायका गडग्यावर पेजेचं भांडं ठेवून जायच्या. पण त्या चौदा दिवसांत माझ्या वाड्यांत कोणाच्याही बोटाला यंत्र लागलं नाही. यंत्र माझ्याकडेच होतं आणि दुसरं माणूस नेमलेलं नव्हतं. पुढे जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशांनी संप केला, तेव्हा मानधनाबरोबर मला हेही मागायचं होतं.

तर सूनबाई, तुझ्यासाठी. घे, नक्की घे. बिल घे, पेन्सिल घालून बघ, आकडा दाखवला तर तिथेच परत दे. मग मनगटावर बोट ठेवून घड्याळ लावून एक मिनिट नाडी मोज, यंत्राच्या नाडीशी जुळली पाहिजे. ठोक्याबरोबर वरखाली होणारी पट्टी दिसेल असाच घे. बाबा बरे असताना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लावून त्यांचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेव आणि ती वही डॉक्टरांना दाखव, किती खाली गेला की निघायचं हे त्यांच्याकडूनच लिहून घे. दम लागला आणि आकडा चांगला दिसला तरी वाट बघू नकोस.

घेतलास की एकदा इकडे घेऊन ये. गुरुवारी मी उपकेंद्रात असते, सिस्टरही असतात. तुझं, माझं आणि त्यांचं, तिन्ही यंत्रं एकाच बोटाला लावून बघू.