घरगुती तपासणी संच: सेप्सिस ओळखण्याच्या कामी किती उपयोगाचा?

डिजिटल थर्मामीटर, दंडाला बांधायचे रक्तदाबमापक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, असा तिहेरी संच वडिलांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही घरी आणला. शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग बळावला आणि त्याला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागले, म्हणजेच सेप्सिस झाला, तर त्याची चाहूल या संचावरून वेळेत लागेल का, एवढ्या एकाच निकषावर हे परीक्षण लिहीत आहे.

थर्मामीटर चांगला आहे. मात्र ताप चढला की लाल दिवा लावून तो ओरडतो आणि तापमान घसरले की गप्प बसतो. वस्तुतः ३६ अंश सेल्सियसच्या, म्हणजे ९६.८ फॅरनहाइटच्या खाली गेलेले तापमानही सेप्सिसमध्ये आढळते, विशेषतः वृद्धांत. शिवाय पॅरासिटॅमॉल चालू असताना ताप दबलेला असू शकतो.

रक्तदाबमापकात मागील नोंदी साठून राहतात, ही संचातील सर्वांत मोलाची सोय. वरचा आकडा १०० किंवा त्याहून कमी येणे काळजीचेच. पण एरवी १५० असणाऱ्या माणसाचा दाब १०५ वर आला तर तीही मोठी घसरण असते, आणि ती जुन्या नोंदी समोर असल्याशिवाय ध्यानात येत नाही.

ऑक्सिमीटरबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण घरातल्या सर्वांचा भरवसा त्याच्यावरच बसतो. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार सोडून, नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी किती प्रकाश शोषला जातो, यावरून तो ऑक्सिजनचे प्रमाण काढतो. सेप्सिसमध्ये हातापायांचा रक्तपुरवठा आटू लागला की नेमकी बोटेच गार पडतात आणि पडद्यावर आकड्यांऐवजी आडव्या रेघा दिसतात. अशा वेळी हात चोळून पुन्हा मोजावे, असे माहितीपुस्तिका सांगते. सल्ला चुकीचा नाही. पण गार, निळसर किंवा डागाळलेली त्वचा हेच धोक्याचे चिन्ह असू शकते, याबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. दुसरा धोका याहून फसवा आहे. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गातून सेप्सिस सुरू होतो तेव्हा ऑक्सिजन बराच वेळ ९७ दाखवू शकतो आणि तेवढ्यावर सगळे निर्धास्त होतात. सावळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हेही जमेस धरावे. माझ्या मते त्याचा खरा उपयोग कोपऱ्यातल्या नाडीच्या आकड्यासाठी आहे: शांत पडून असतानाही नाडी सतत ९० च्या वर राहू लागली तर कारण शोधले पाहिजे, आणि १३० ओलांडली तर थांबूच नये. रुग्ण बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर मात्र नाडी वाढलेली दिसेलच असे नाही.

सर्वांत महत्त्वाचे चिन्ह, श्वासांची गती, या संचातले एकही उपकरण मोजत नाही. त्यासाठी घड्याळ पुरते: रुग्णाला न सांगता, छातीवरची चादर खालीवर होताना पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे. प्रौढ माणसाचे श्वास विश्रांतीत साधारण १२ ते २० भरतात. २२ किंवा त्याहून अधिक असतील तर सावध व्हावे, आणि २५ किंवा त्याहून अधिक गतीला ब्रिटिश रुग्णालयांच्या न्यूज-२ या गुणपद्धतीत (जितके गुण जास्त तितका धोका जास्त) सर्वाधिक गुण आहेत. तसेच अचानक असंबद्ध बोलणे, उठवूनही ग्लानीतून बाहेर न येणे, अर्धा दिवस लघवी न होणे, या गोष्टी घरच्या माणसालाच दिसतात. संसर्गाची शंका असताना यांपैकी काही आढळले, तर यंत्राचे आकडे बरे असले तरी रुग्णालय गाठावे आणि ‘सेप्सिस तर नाही ना?’ असे स्पष्ट विचारावे. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो तेव्हा, प्रतिजैविक तासाभरात सुरू करण्याची शिफारस आहे; पुन्हापुन्हा पट्टा बांधून पाहण्यात तो वेळ घालवू नये.

पुस्तिकेत ब्लूटूथ जोडणीवर पाने खर्ची घातली आहेत आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे याला दोन ओळी! उपकरणांना पाचपैकी चार गुण देईन, पुस्तिकेला एक. लहान मुलांसाठी हा संच घेऊ नये: ऑक्सिमीटरची चिमटी त्यांच्या बोटावर नीट बसत नाही, आणि वर दिलेले नाडी, श्वास व रक्तदाबाचे आकडे प्रौढांचे असल्याने मुलांना लागू पडत नाहीत.